वर्णनाची चौकट रिकामी ठेवता येते: मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचे परीक्षण

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, ही एआय मॉडेलला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडण्याची सामायिक पद्धत. ॲन्थ्रॉपिक या एआय कंपनीने ती नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली आणि पुढच्या वर्षभरात ओपनएआय, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा स्पर्धकांनीही ती आपापल्या उत्पादनांत स्वीकारली. या प्रोटोकॉलविषयी आजवर जे लिहिले गेले, ते बहुतेक जोडणीच्या अंगाने लिहिले गेले आहे: सर्व्हर कसा उभा करावा, परवानग्या कशा द्याव्यात, कोणते मॉडेल त्याच्याशी कसे बोलते. हे परीक्षण मात्र एकाच प्रश्नापुरते आहे. मॉडेलच्या आधारे स्वतःहून कामे पार पाडणाऱ्या प्रोग्रामच्या, म्हणजे एजंटाच्या, हाती द्यायच्या टूलचे (त्याला वापरता येणाऱ्या एखाद्या सुविधेचे) वर्णन जो माणूस लिहितो, त्याला हे उत्पादन कितपत साथ देते? गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील भुसार व्यापाऱ्यांसाठी बिले आणि साठ्याची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या पुण्यातील एका लहान कंपनीत मी तांत्रिक लेखन करतो. त्या सॉफ्टवेअरला आता शेठजी किंवा दिवाणजी मोबाइलवरून मराठीत प्रश्न विचारू शकतात आणि त्यामागचा एजंट एमसीपीमार्फतच आमच्या टूल्सपर्यंत पोहोचतो. तेव्हा हे मत वापरातून आलेले आहे.

रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण दोष आणि गुण दोन्ही तिच्यातच आहेत. सर्व्हर, म्हणजे टूल्स पुरवणारा प्रोग्राम, आपल्याकडील टूल्सची यादी पाठवतो. प्रत्येक टूलबरोबर त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि ते कोणती माहिती मागते हे ठरावीक साच्यात सांगणारी जेसन स्कीमा असते. मॉडेलला टूलच्या आतला कोड दिसत नाही, डेटाबेस दिसत नाही आणि कंपनीतल्या बैठकीत काय ठरले होते तेही दिसत नाही. समोर आलेला प्रश्न कोणत्या टूलकडे न्यायचा, त्यात कोणती मूल्ये भरायची आणि आलेल्या उत्तराचा अर्थ काय लावायचा, हे सर्व ते या मजकुरावरून ठरवते. असे असताना प्रोटोकॉलमध्ये नाव आणि स्कीमा सक्तीचे आहेत, वर्णन मात्र ऐच्छिक आहे. वर्णनाची चौकट पूर्ण रिकामी ठेवली तरी सर्व्हर सुरळीत चालू होतो, कोठे तांबडी खूण उमटत नाही आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी, एकच टूल असल्यामुळे, सगळे बरोबरही चालते. माझा पहिला आक्षेप हाच आहे. ज्या गोष्टीवर सर्वाधिक अवलंबून आहे, तीच गाळण्याची मुभा आहे.

पायथनमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी आहे. अधिकृत संचातील फास्टएमसीपी ही सोय फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या टिपेलाच, म्हणजे डॉकस्ट्रिंगला, टूलचे वर्णन म्हणून उचलते. काम वाचते, यात शंका नाही. पण डॉकस्ट्रिंग हा प्रोग्रामरने प्रोग्रामरसाठी लिहिलेला मजकूर असतो आणि त्याचा वाचक शेजारच्या खुर्चीवर बसलेला असल्यामुळे त्यात निम्म्या गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. आमच्याकडे एका टूलच्या वर्णनात ‘जुन्या तक्त्यावरून, नंतर बदलणे’ अशी टीप मॉडेलपर्यंत जात होती. शिवाय डॉकस्ट्रिंगमध्ये प्रत्येक पॅरामीटरची, म्हणजे टूलला पुरवायच्या प्रत्येक मूल्याची, माहिती व्यवस्थित लिहिली असली, तरी ती आपोआप स्कीमातील त्या त्या पॅरामीटरच्या शेजारी जाऊन बसत नाही. त्यासाठी फील्डचे वर्णन स्वतंत्रपणे द्यावे लागते. ही बाब दस्तऐवजात शोधल्यास सापडते, पण घाईत असलेल्या माणसाच्या नजरेस पडेल अशा जागी ती नाही.

आता प्रत्यक्ष उदाहरण. साठा सांगणाऱ्या टूलचे नाव ‘गेट_स्टॉक’ होते आणि वर्णन होते, ‘मालाचा साठा परत करते.’ वाक्य खोटे नाही. दिवाणजींनी विचारले, ‘साखर किती शिल्लक आहे?’ एजंटाने टूल वापरले, आकडा आणला आणि आत्मविश्वासाने सांगितला. त्या आकड्यात विकला गेलेला, पैसेही जमा झालेला, परंतु गाडी न आल्यामुळे गाळ्यातच पडून असलेला माल धरलेला होता. मार्केट यार्डात ‘शिल्लक’ म्हणजे आज दुसऱ्याला देता येईल एवढा माल. डेटाबेसमधल्या त्या रकान्यात मात्र गाळ्यात प्रत्यक्ष असलेला माल होता. कोडमध्ये चूक नव्हती, मॉडेलनेही काही मनाने रचले नव्हते. दोघांच्या मधला मजकूर अपुरा होता.

टूल मोकळा साठाच देईल असे केल्यानंतरचे वर्णन मी आशयाने येथे देतो. ‘एका गाळ्यातील एका मालाचा, आत्ता विकण्यास मोकळा असलेला साठा किलोग्रॅममध्ये देते. विकला गेलेला पण अद्याप न उचललेला माल यात धरलेला नाही. तो हवा असल्यास “न उचललेला माल” हे टूल वापरावे. मालाचा सांकेतिक क्रमांक आवश्यक आहे. तो ठाऊक नसेल तर अंदाजाने भरू नये, आधी “माल शोध” वापरून मिळवावा. भाव, उधारी किंवा येणे रक्कम यांसाठी हे टूल नाही. साठा संपला असेल तर शून्य येते. माल नोंदीतच नसेल तर त्रुटी येते. या दोन्हींचा अर्थ वेगळा आहे.’ यातील पहिले वाक्य सोडले, तर बाकीची जवळजवळ सर्व वाक्ये टूल काय करत नाही, कधी वापरू नये आणि उत्तर कसे वाचावे याविषयी आहेत. वर्णन लिहिताना माणूस स्वाभाविकपणे पहिल्या वाक्यापाशी थांबतो, कारण टूल त्याने स्वतः घडवलेले असते आणि ते काय करते हे सांगून झाले की त्याला सांगण्यासारखे काही उरले आहे असे वाटत नाही. ॲन्थ्रॉपिकच्या मार्गदर्शनात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्ये लिहावीत असे सुचवले आहे. माझ्या मते आकड्यापेक्षा दुसरे वाक्य कशाविषयी आहे हे महत्त्वाचे. ते सीमेविषयी असेल तर वर्णन बहुधा कामाचे निघते.

मोजमापाच्या बाबतीत तर गृहीत धरण्यासारखे काहीच नाही. आमच्या एका टूलमध्ये ‘क्वांटिटी’ नावाचा पॅरामीटर होता आणि स्कीमात त्याचा प्रकार ‘संख्या’ एवढाच दिलेला होता. बाजार समितीचे भाव क्विंटलवर बोलले जातात, किरकोळ दुकानदार किलोत मागतो आणि यार्डात माल मोजला जातो पोत्यावर. साखरेचे पोते ५० किलोचे असते, परंतु तांदळाच्या बाबतीत असे काही एक माप उरलेले नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या वेष्टनबंद, लेबल लावलेल्या धान्यावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाल्यानंतर बाजारात २६ किलोची पोती दिसू लागली, हे कोणताही भुसार व्यापारी सांगेल. मॉडेलला हे त्या क्षणी आठवेल अशी आशा बाळगणे योग्य नाही. ‘दहा पोती आंबेमोहर’ या मागणीचे रूपांतर करताना त्याने पोते ५० किलोचे धरले, तर बिल जवळपास दुप्पट होते. यावर उपाय दोन होते. पॅरामीटरचे नावच ‘वजन_किलो’ असे करणे हा पहिला. पोत्यांची संख्या आणि प्रति पोते वजन हे दोन स्वतंत्र पॅरामीटर ठेवून, वजन माहीत नसल्यास ग्राहकाला विचारावे असे वर्णनात स्पष्ट लिहिणे, हा दुसरा. आम्ही दुसरा स्वीकारला. स्कीमात ठरावीक पर्यायांची यादी देण्याची, किमान-कमाल मर्यादा घालण्याची सोय आहे आणि ती उत्तम आहे; येथे एमसीपीने जेसन स्कीमासारखे रुळलेले साधन घेतल्याचा लाभ पुरेपूर मिळतो.

टूल धोक्याचे आहे की निरुपद्रवी, हे सांगण्यासाठी मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलला काही खुणा जोडता येतात: ते केवळ वाचते काय, त्याचा परिणाम विध्वंसक असू शकतो काय, तीच विनंती पुन्हा गेल्यास दुसऱ्यांदा काही घडते काय, आणि ते बाहेरच्या जगाशी संबंध ठेवते काय. येथे रचनाकारांचा सावधपणा मला आवडला. काहीच सांगितले नसेल तर टूल लिहिणारे आहे, विध्वंसक असू शकते आणि पुन्हा चालवणे सुरक्षित नाही, असेच धरले जाते. मात्र या खुणा म्हणजे केवळ सूचना आहेत. विश्वासू सर्व्हरकडून आल्याखेरीज त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, असे प्रोटोकॉलच सांगतो. आणि त्या वर्णनाची जागा घेऊ शकत नाहीत. ‘कालची ती पावती नीट करा’ असे सांगितल्यावर एजंटाने जुनी पावती रद्द करून नवी तयार केली, तर रक्कम बरोबर येईल पण पावतीचा क्रमांक बदलेल आणि कर सल्लागारासमोर ते निस्तरणे जिकिरीचे होईल. म्हणून पावती रद्द करण्याच्या टूलमध्ये ‘रक्कम, नाव किंवा दर यांतील दुरुस्तीसाठी हे वापरू नये’ असे वाक्य असणे भाग आहे. कोणतीही खूण हे सांगू शकत नाही.

त्रुटीचा मजकूर हाही वर्णनाचाच भाग आहे, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. टूल चालवताना काही बिघडले, तर ते उत्तरातच नोंदवून मॉडेलला दाखवण्याची तरतूद एमसीपीत आहे आणि तिचा हेतूच हा आहे की मॉडेलने ती वाचून स्वतःला सावरावे. परंतु ‘अवैध इनपुट’ एवढे वाचून कोण काय सावरणार? एजंट तीच विनंती किरकोळ फेरफार करून पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. त्याऐवजी ‘हा मालाचा क्रमांक या गाळ्याच्या नोंदीत नाही, “माल शोध” वापरून क्रमांक मिळवावा आणि मग पुन्हा विचारावे’ असे लिहिल्यावर पुढचे पाऊल बहुधा बरोबर पडते. सरकारी खिडकीवरून ‘कागद अपुरे आहेत’ एवढेच ऐकून परत आलेल्या कोणालाही यातला फरक समजावून सांगावा लागू नये.

प्रोटोकॉलबरोबर विनामूल्य मिळणारे एमसीपी इन्स्पेक्टर हे साधन ब्राउझरमध्ये उघडते, सर्व्हरवरील टूल्सची यादी वर्णनांसह दाखवते, स्कीमावरून अर्ज तयार करून देते आणि मूल्ये भरून टूल चालवून पाहता येते. वर्णन जसेच्या तसे, म्हणजे मॉडेलला पोहोचेल त्या रूपात, वाचायला मिळते हा त्याचा मोठा उपयोग आहे. वर उल्लेखिलेली ‘नंतर बदलणे’ ही टीप तेथेच उघडी पडली. पण इन्स्पेक्टरमध्ये टूल निवडणारा माणूस असतो. यादीतले कोणते टूल हवे हे त्याला आधीच ठाऊक असते आणि क्रमांकही तोच बरोबर भरतो. त्यामुळे टूल चालते की नाही हे कळते. एखादे मॉडेल ते योग्य वेळी निवडेल की नाही, हे मुळीच कळत नाही. दोन टूल्सची वर्णने एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की वाचणारा गोंधळेल, असा साधा इशाराही ते देत नाही. वर्णनलेखकाच्या दृष्टीने ही या संचातील सर्वांत मोठी उणीव आहे.

ती भरून काढण्यासाठी स्वतःची चाचणी उभी करावी लागते. आम्ही व्यापाऱ्यांनी प्रत्यक्ष विचारलेले प्रश्न, त्यांच्या परवानगीने आणि नावे वगळून, जसेच्या तसे घेतले: अर्धवट वाक्ये, शुद्धलेखनाच्या चुका, मध्येच हिंदी, सगळ्यासह. प्रत्येक प्रश्नापुढे अपेक्षित उत्तर आणि अपेक्षित टूल लिहिले. त्यातले काही प्रश्न वर्णन सुधारताना मुद्दाम बाजूला ठेवले, कारण ज्या प्रश्नांवर मजकूर घासूनपुसून तयार केला, त्यांवरच तो तपासला तर निकाल चांगला येणारच. शेवटच्या उत्तरापेक्षा मधली वाटचाल वाचणे अधिक उद्बोधक ठरते. उत्तर बरोबर आले तरी त्यासाठी चार टूल्स चाचपली गेली असतील, तर कोठेतरी एखादे वाक्य कमी आहे. असे अनुभव मोठ्यांनाही आलेले आहेत. ॲन्थ्रॉपिकच्या अभियंत्यांनी नोंदवले आहे की त्यांचा एजंट वेबवर शोध घेताना विनाकारण प्रत्येक शोधवाक्याला ‘२०२५’ जोडत होता आणि तो दोष टूलचे वर्णन सुधारून दूर करण्यात आला. कोड दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या दुसऱ्या एका एजंटाला फाइलचा सापेक्ष मार्ग (चालू फोल्डरपासूनचा अर्धा पत्ता) देताना चुका होत. टूलने नेहमी पूर्ण मार्गच मागावा असा बदल केल्यावर त्या थांबल्या. या दुसऱ्या उदाहरणात शिकण्यासारखे हे आहे की प्रत्येक चुकीवर उपाय म्हणून वर्णनात आणखी एक ताकीद घालायची नसते. चूक करताच येणार नाही अशा रीतीने पॅरामीटर बदलता येत असेल, तर तोच उपाय बरा.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे बराच चर्चिला गेला. वर्णने शेवटी इंग्रजीत ठेवली, याचे कारण व्यावहारिक आहे: देवनागरी मजकुराला सामान्यतः अधिक टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजते ते) लागतात आणि टूल्सची सर्व वर्णने मॉडेलच्या प्रत्येक फेरीत सोबत जात असल्यामुळे तो भार पुन्हा पुन्हा पडतो. मात्र यार्डातले शब्द मराठीतच, देवनागरीत आणि अर्थासह ठेवले. हमाली आणि तोलाई या वेगळ्या नोंदी आहेत. ‘पावती फाडा’ म्हणजे पावती तयार करा. रद्द करा नव्हे. ‘परवा’ म्हटल्यावर क्रियापदाच्या काळावरून मागचा की पुढचा दिवस ते ठरवावे, आणि तरीही संशय राहिल्यास विचारावे. टूलला तारीख मात्र नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने द्यावी. हे सामान्य इंग्रजी वर्णनात भाषांतर करून भरले असते, तर दिवाणजींच्या तोंडचा शब्द आणि टूलच्या वर्णनातला शब्द यांची गाठ पडण्याचे काम पूर्णपणे मॉडेलच्या तर्कावर सोपवले गेले असते. मोठी मॉडेल्स तो तर्क बहुतेक वेळा बरोबर करतात. बिलाच्या बाबतीत ‘बहुतेक वेळा’ पुरत नाही.

लांबीचा प्रश्न यातूनच निघतो. एमसीपी वापरायला शुल्क नाही, पण वर्णनातील प्रत्येक शब्दाला टोकनच्या रूपाने किंमत आहे, आणि टूल्सची संख्या वाढत गेली की खर्चापेक्षाही निवडीतली चूक महाग पडते. आमच्या पहिल्या यादीत डेटाबेसच्या जवळजवळ प्रत्येक तक्त्यामागे एक टूल होते. ग्राहकाची उधारी सांगण्यासाठी एजंटाला तीन टूल्सची साखळी जुळवावी लागे. ती तीन कामे एका टूलमध्ये एकत्र केल्यावर वर्णन थोडे लांबले, पण यादी आखूड झाली आणि दोन सारख्या टूल्समधला फरक समजावण्यात खर्ची पडणारी वाक्ये आपोआप गळाली. वर्णन काही केल्या स्पष्ट लिहिता येत नसेल, तर दोष बहुधा लेखकाचा नसतो. टूलचीच आखणी चुकलेली असते. हे प्रोग्रामरला पटवून देण्यास चहाचे बरेच कप लागतात.

बाहेरचे तयार सर्व्हर जोडणाऱ्यांसाठी एक सावधगिरी आवश्यक आहे. टूलचे वर्णन थेट मॉडेलच्या वाचनात जाते, वापरणाऱ्याला ते सहसा दिसतही नाही. त्यामुळे त्यात लपवलेली सूचना, उदाहरणार्थ अमुक फाइल वाचून तमुक ठिकाणी पाठवावी, मॉडेल आज्ञा म्हणून घेऊ शकते. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षा कंपनीने या हल्ल्याचे प्रात्यक्षिक मांडले होते. अनोळखी सर्व्हर जोडण्यापूर्वी त्याची सर्व वर्णने इन्स्पेक्टरमध्ये शब्दशः वाचावीत आणि जोडल्यानंतर ती बदलली तर कळेल अशी व्यवस्था ठेवावी. एकदा दिलेली मंजुरी कायमची मानणाऱ्या क्लायंटपासून (सर्व्हरला जोडून एजंट चालवणाऱ्या ॲपपासून) दूर राहणे बरे.

मग हे उत्पादन घ्यावे काय? ज्यांच्याकडे एका कामासाठी एकच मॉडेल आणि दोन-तीन टूल्स आहेत, त्यांनी एमसीपीच्या भानगडीत न पडता त्या मॉडेलच्या स्वतःच्या टूल-सुविधेवर भागवावे. लेखनाचे कष्ट तेथेही तेवढेच आहेत. ज्यांना तीच टूल्स वेगवेगळ्या क्लायंटना पुरवायची आहेत, त्यांना आज याहून सोयीचा मार्ग माझ्या पाहण्यात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हा प्रोटोकॉल लिनक्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली गेल्यामुळे तो एका कंपनीच्या मर्जीवर राहील ही शंकाही बरीचशी कमी झाली आहे. फक्त अंदाजपत्रकात सर्व्हर उभारणीच्या रकान्याशेजारी लेखन आणि चाचणी यांचाही रकाना असावा. आमच्याकडे तो आधी नव्हता, कारण वर्णने म्हणजे काम संपल्यावर कोणीतरी सवडीने भरायचा मजकूर, अशीच सार्वत्रिक समजूत होती.

आता आम्ही सर्व वर्णने कोडपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो, प्रत्येक बदलाबरोबर तो कोणत्या प्रश्नामुळे करावा लागला हे लिहितो आणि बदलानंतर सर्व चाचणी प्रश्न पुन्हा चालवतो. टूल्सची यादी बदलली की क्लायंटला तशी सूचना पाठवण्याची सोय प्रोटोकॉलमध्ये आहे आणि ती व्यवस्थित चालते. एखाद्या व्यापाऱ्याने पोत्याचे माप बदलले, हे लेखकाला कळवण्याची सोय मात्र प्रोटोकॉलमध्ये असू शकत नाही. त्यासाठी महिन्यातून एखादी सकाळ यार्डातल्या गाळ्यावर दिवाणजींशेजारी बसावे लागते, आणि ते काम सध्या माझ्याकडे आहे.